कॉलेजचा जलतरण तलाव: विहिरीपासून शेततळ्यापर्यंत

विदर्भात तालुक्याच्या गावी एखाद्या जुन्या कॉलेजात जलतरण तलाव असला, की उन्हाळा लागताच ठरलेला वाद निघतो. दुरुस्त करून सुरू करायचा, की मुरूम टाकून बुजवायचा आणि त्या जागी बॅडमिंटनचा हॉल उभा करायचा? संस्थाचालकांना खर्च दिसतो, क्रीडा विभागाच्या सरांना मुलं दिसतात. गावाला दिसतं ते एवढंच, की आपल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि यांना पोहायला पाहिजे. तिघांचंही खरं आहे. पण हा तलाव तिथे आला कसा, कोणाच्या पैशातून आला, कोणत्या जमिनीवर बांधला आणि चालेनासा का झाला, हे माहीत नसताना भांडण नुसतं गोल फिरत राहतं.

पोहणं इथे कॉलेजनं आणलेलं नाही. पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात, पोहायला शिकवलं ते वावरातल्या विहिरीनं. मोटेच्या काळात विहीर रुंद खणावी लागे. एका बाजूला बैलांची धाव, खाली दगडी बांधणी, आणि उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड. शिकणाऱ्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, नाहीतर पांगाऱ्याचा हलका ओंडका. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या काकाच्या नाहीतर मामाच्या हातात. पहिल्या दिवशी ढकलूनच द्यायचे. नाकातोंडात पाणी, रडारड, वरून खिदळणं. दोन भोपळ्यांचा एक झाला, मग तोही सुटला, शेवटी दोर सुटला, की पोरगं मुटका मारायला मोकळं. सूर मारण्याआधी पाण्याचा ठाव घ्यायचा, कपार कुठे आहे ते बुडी मारून हातानं चाचपायचं, गाळ असेल तिथे पाय खाली सोडून उडी टाकायची नाही, हे सगळं तोंडी शिक्षण. त्याला ना फी होती ना प्रमाणपत्र. त्यात पोरं मरतही होती, हे मात्र आठवणी काढताना सहसा कोणी सांगत नाही.

दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सात मजली पायविहीर पाहिली, की या भागात पाण्यापर्यंत उतरण्यासाठी माणसानं किती खटाटोप केला ते कळतं. तो सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. गोडं पाणी लागेल तिथे ते जपायचं, अशी तिथली रीत.

पूर्व विदर्भाची गोष्ट वेगळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयानं, कोहळी समाजाच्या हातून यातले कितीतरी बांधले गेले, ते धानाच्या शेतीसाठी. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत होता, आणि जो तो आपापली विहीर पाहत होता; झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व भागात, मालगुजारी होती आणि तलाव गावाचा होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न उरला, तो आजही आहे. पण पोहणं तिथे राहिलं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या पोरांना पोहायला शिकवावं लागत नाही. म्हणूनच कॉलेजच्या तलावाचा आग्रह झाडीपट्टीपेक्षा वऱ्हाडात जास्त धरला गेला, असं मला वाटतं.

विहीर आणि तलाव यांबद्दल बोलताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. पाणी सगळ्यांचं नव्हतं. कोणाच्या विहिरीत कोणी उतरायचं हे जात ठरवत होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. १९२८ मध्ये वर्ध्याला जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्यांना खुलं केलं. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द स्पष्ट लिहिले गेले: राज्याच्या पैशातून पूर्णपणे किंवा अंशतः चालणाऱ्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. अनुदानित कॉलेजचा जलतरण तलाव या वाक्यात सरळ बसतो. ओळखपत्र दाखवलं की आत, आणि आत सगळे एकाच पाण्यात. पाटलाच्या विहिरीवर ज्याच्या आजोबांना काठावरही उभं केलं नसतं, त्याचा नातू पाटलाच्या नातवाशेजारच्या लेनमध्ये पोहतो. ग्रामीण भागातल्या या टाक्यांनी निदान हे तरी केलं, आणि ते मेडलच्या यादीत कुठे येत नाही.

आता कॉलेजकडे येऊ. विदर्भात शरीरशिक्षणाचं मूळ सापडतं ते आखाड्यात. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मंडळाच्या आवारात जलतरण तलावही आहे. पण मंडळाचं खरं काम तिथून शिकून बाहेर पडलेल्यांचं आहे. खेडोपाडीच्या शाळा-कॉलेजांत पीटीचे सर म्हणून जे रुजू झाले, त्यांतल्या कितीजणांनी पहिल्यांदा मोजलेल्या लांबीच्या, लेनच्या पट्ट्या आखलेल्या टाकीत अंग टाकलं ते अमरावतीत. गावी परतल्यावर ‘आपल्याकडेही असा तलाव पाहिजे’ हे त्यांच्या डोक्यात असणं साहजिक होतं.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं, आजचं विदर्भ महाविद्यालय. तेव्हा उच्च शिक्षण म्हणजे नागपूर नाहीतर अमरावती. पंजाबराव देशमुखांनी १९३० च्या दशकात श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि बहुजन शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा, वसतिगृहं, पुढे कॉलेजं उभी राहिली. तालुक्याच्या गावी कॉलेज येण्याचा खरा ओघ मात्र महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यांत शिक्षण प्रसारक मंडळं निघाली. जमीन कोणी दान दिली, कोणी कमी भावात दिली. गावाबाहेर दहा-वीस एकर, सपाट, रस्त्याला लागून. गावकरी चांगलं कसदार वावर शाळेला देत नाहीत, कॉलेजला तर मुळीच नाही. तेव्हा मिळाली ती जागा बरडाची, नाहीतर पावसाळ्यात पाणी तुंबणारी चोपण. ही गोष्ट पुढे तलावाच्या मुळावर आली.

पैसा आला तो बहुतेक वेळा विद्यापीठ अनुदान आयोगाकडून. १९५६ च्या यूजीसी कायद्यातलं कलम २(एफ) आणि पुढे आलेलं १२(बी) ही कॉलेजच्या ऑफिसात मंत्रासारखी म्हटली जाणारी दोन नावं. या यादीत नाव असेल तरच पंचवार्षिक योजनेतलं विकास अनुदान मिळायचं. अकराव्या योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ मध्ये, कॉलेजांच्या क्रीडा सुविधांसाठी वेगळी योजनाच होती. त्याआधीच्या काळातले तलाव संस्थेनं देणगी, आमदारांचं वजन आणि स्वतःची पुंजी असं जोडून केले. कुठूनही आला तरी पैसा ‘बांधकाम’ या एकाच शीर्षाखाली यायचा. मोजमाप पुस्तिका, बिलं, पूर्णत्वाचा दाखला, उद्घाटन, कोनशिला. इमारत पूर्ण झाली की फाईल बंद.

घोळ इथेच आहे. वर्गखोली बांधून दोन वर्षं कुलूप लावलं तरी वर्गखोलीच राहते. तलावाला दोन महिने बंद ठेवा, तो डासांचा कारखाना होतो. त्याला रोज वीज, रोज औषध, रोज माणूस लागतो. अनुदानित पदांच्या आकृतिबंधात शिपाई असतो, प्रयोगशाळा परिचर असतो, ग्रंथालय परिचर असतो, जीवरक्षक नसतो. मग जो शिपाई त्यातल्या त्यात पोहू शकतो तो जीवरक्षक, आणि ज्याला मोटारीचं थोडं कळतं तो फिल्टर ऑपरेटर. पुष्कळदा दोन्ही एकच माणूस. तो निवृत्त झाला की तलाव बंद पडतो.

जुन्या टाकीचं वय काठावर उभं राहून ओळखता येतं. फुटांत आकडे रंगवलेले असतील, एका टोकाला तीन-साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला दहा-बारा, वर लोखंडी डायव्हिंग बोर्डाचा सांगाडा गंजत असेल, तर बांधणी जुनी. तेव्हा पोहणं म्हणजे सूर मारणं हेच लोकांच्या मनात होतं, विहिरीची सवय. मागाहूनच्या टाक्यांत खोली चार-साडेचार फुटांवर आली, बोर्ड गायब झाला. अपघात झाला तर जबाबदार कोण, या भीतीनं तो काढला गेला, आणि उथळ टाकीला पाणीही कमी लागतं.

लांबीचा घोटाळा तर मजेशीर आहे. जुनी टाकी ७५ फुटांची, म्हणजे २५ यार्डांची. मीटरमध्ये ती २२.८६ भरते. स्पर्धेला लागतात २५ किंवा ५० मीटर. ज्यांनी पुढे शहाणपणानं ८२ फूट घेतले त्यांचीही पंचाईत झाली: ८२ फूट म्हणजे २५ मीटरला सहा मिलिमीटर कमी, आणि आंतरराष्ट्रीय नियमात लांबी किंचित जास्त चालते, कमी अजिबात चालत नाही. काहींनी बरोबर २५ मीटरचं काँक्रीट केलं आणि मग दोन्ही टोकांना गिलावा आणि टाइल्स चढवल्या. चार-पाच सेंटीमीटर तिथेच गेले. टाकी दिसायला सुंदर, स्पर्धेला बाद. ठेकेदाराला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं आयुष्यभर पाण्याच्या टाक्या आणि गोदामं बांधली होती.

पण लांबीपेक्षा मोठा शत्रू जमिनीत होता. वऱ्हाडातली काळी माती कापसाला सोनं आणि बांधकामाला वैरीण. पाणी पडलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंतीला ती तिरप्या चिरा देते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तलावाची अडचण अशी, की त्यातून थोडं जरी पाणी झिरपलं तरी तेच पाणी खालची माती फुगवतं, फुगलेली माती तळ उचलते, तळाला चीर पडते आणि गळती वाढते. सुरुवात केसाएवढ्या भेगेनं होते. यावर उपाय नव्हते असं नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर पाइल्सचा पाया विकसित केला. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर नीट धुमस करून दिला तर फुगवटा आटोक्यात राहतो. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. तालुक्याच्या ठेकेदारापर्यंत यातलं पोचलं ते एवढंच, की ‘काळी माती काढून मुरूम भरा’. किती काढायची? बुलढाणा, वाशीम, यवतमाळच्या पठारावर काही फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तिथे वडारांनी विहिरीसारखा सुरुंग लावून खड्डा केला आणि तलाव टिकले. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र कितीही खाली गेलं तरी मातीच. तिथल्या टाक्यांना चिरा पडल्या तर नवल कसलं?

आणखी एक गोष्ट, जी कितीही सांगितली तरी पटत नाही. पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवू नये. पाणी भरलेलं असतं तोवर आतलं वजन आणि बाहेरचा दाब एकमेकांना सांभाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा टाकी रिकामी असेल तर ती होडीसारखी वर उचलली जाऊ पाहते. हिशेब साधा आहे. २५ बाय १५ मीटरची टाकी घ्या. तळ ३७५ चौरस मीटर. भूजल तळाच्या वर दीड मीटर चढलं तर खालून दाब येतो सुमारे ५६० टनांचा. वीस सेंटीमीटर जाडीच्या आरसीसी तळाचं वजन साधारण १९० टन, भिंती धरल्या तरी तीनशेच्या आत. मग तळ मधोमध फुगतो, नाहीतर कोपरा उचलतो. नीट आराखडा असेल तर तळात दाब सोडणारी झडप ठेवतात, पण गाळानं ती बुजली की ती असून नसल्यासारखी. आमच्याकडे काय होतं? जूनमध्ये उन्हाळी बॅच संपते, पाणी हिरवं पडतं, साहेब म्हणतात रिकामा करून टाका. तळ फुटला की नाव ठेवायला ठेकेदार असतोच.

पाण्याचं गणितही मांडून पाहू. हाच २५ बाय १५ चा तलाव सरासरी दीड मीटर खोल असेल तर त्यात साडेपाच लाख लिटरहून थोडं जास्त पाणी बसतं. दहा हजार लिटरचे छप्पन टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं दहा हजार वस्तीच्या गावाची एका दिवसाची गरज. आकडा ऐकून कोणीही डोळे मोठे करील. पण फिल्टर चालू असेल तर हे पाणी एकदाच भरायचं. नंतर फक्त उडून जाणारं भरून काढायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं असं धरलं तरी रोज साडेतीन-चार हजार लिटर. संत्र्याच्या लहानशा बागेला याहून जास्त लागतं. जुन्या टाक्यांत फिल्टरच नव्हता, खरी नासाडी तिथे व्हायची. विहिरीतून मोटारीनं भरायचं, आठ-पंधरा दिवसांनी गढूळ झालं की सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. सोडलेलं पाणी कॉलेजच्या शेताला नाहीतर शेजारच्या वावरात जाई आणि कोणाची तक्रार नसे, कारण तेव्हा विहिरींना पाणी होतं.

फिल्टर आला तेव्हा वीज गेली. तलावाचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा वाळूच्या फिल्टरमधून फिरायला हवं, आणि त्यासाठी थ्री फेज वीज सलग पाहिजे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण फीडरवर दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. चार तास पंप, आठ तास बंद. उन्हात उभं पाणी दोन दिवसांत शेवाळतं. मग भिस्त ब्लीचिंग पावडरीवर. जुना जाणता माणूस ती कधी तशीच टाकीत फेकत नाही. संध्याकाळी शेवटची बॅच गेली की प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी काठाकाठानं सोडत जायचं. संध्याकाळीच, कारण उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातो. सकाळी टाकलेली पावडर दुपारपर्यंत पैसे बुडाल्यात जमा. सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, फिकट पिवळा रंग आला तर ठीक. फार गढूळ असेल तर रात्री तुरटी फिरवायची आणि सकाळी तळाचा गाळ ओढून काढायचा. खारपाणपट्ट्यात आणखी एक ताप: पाणीच क्षारी, त्यामुळे पंपाचे पाते खाल्ले जातात आणि टाइल्सवर पांढरी पुटं चढतात.

याहून अवघड कोडं कॅलेंडरचं. कॉलेजचं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा संपता संपता नाहीतर थंडीत. पोहण्याचे दिवस एप्रिल-मे, तेव्हा मुलं परीक्षेत नाहीतर गावी, आणि पाण्याची टंचाई टोकाला. म्हणजे ज्यांच्या नावानं तलाव बांधला त्या विद्यार्थ्यांना तो फारसा लाभत नाही. उन्हाळ्यात तो भरतो तो गावातल्या डॉक्टर-मास्तर-व्यापाऱ्यांच्या लेकरांनी. तीस दिवसांची बॅच, फी रोख. या फीवरच पावडर, वीज आणि शिपायाचा जादा भत्ता निघतो. काही जण याला कॉलेजच्या मालमत्तेचा धंदा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ही फी नसती तर यातले बहुतेक तलाव कधीच बुजले असते.

अभ्यासक्रमानं तरी आधार दिला का? शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या बीपीएडच्या आराखड्यात जलतरण आहे, पण जिम्नॅस्टिक किंवा नेमबाजी यांच्याशी ‘किंवा’ लावून. ज्या कॉलेजात तलाव नाही किंवा असून कोरडा आहे, ते जिम्नॅस्टिक घेतात. त्यामुळे शरीरशिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकाला पोहता येईलच असं नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आलं तेव्हा थोडी जान आली, पण तिथे पदक लागतं, आणि २२.८६ मीटरच्या टाकीत सराव करून पदक आणणं सोपं नाही. शिवाय नॅक, कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था. मूल्यांकनाची समिती येणार म्हटलं की तलावाला निळा रंग लागतो, पाणी भरतं, काठावर लाल ट्यूब टांगल्या जातात. समिती गेली की पुन्हा कुलूप.

या तलावांनी मुलींना जे दिलं ते मात्र विहिरीनं कधी दिलं नव्हतं. विहीर पोरांची होती. बाई विहिरीवर जायची ती पाणी शेंदायला. कॉलेजच्या तलावात सकाळची नाहीतर दुपारची वेगळी महिला बॅच सुरू झाली, बाहेरून ताडपत्रीचा आडोसा झाला, शिकवायला बाई मिळाल्या, तेव्हा कितीतरी घरांत पोहता येणारी पहिली बाई तयार झाली. यात पोशाखाची रस्सीखेच प्रत्येक ठिकाणी. नियम म्हणतो नायलॉनचा पोशाख हवा; मुली येतात लेगिंग आणि सुती टी-शर्ट घालून. नियमामागे तांत्रिक कारणही आहे: सुती कापडाचे धागे सुटून फिल्टर तुंबतो. समजूतदार ठिकाणी त्यावर तोडगा निघाला, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख. जिथे नियमावर बोट ठेवून बसले तिथे महिला बॅच बंद पडली.

दरम्यान, बाहेर विहिरी संपत होत्या. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हातपंपाचे बोअर झाले, मग शेतात पाणबुडी मोटारीचे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले आणि भूजलाच्या अतिउपशाचा हा भाग म्हणून त्याची नोंद झाली. सहा-सात इंचांच्या बोअरमध्ये कोणी पोहत नाही. जुन्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या, काही बुजवल्या, काहींवर जाळी. ज्या पिढीनं भोपळा बांधून शिकून घेतलं होतं तिची नातवंडं पाण्याला घाबरणारी निघाली. तलाव बंद पडण्याचा आणि विहिरी आटण्याचा काळ जवळपास एकच आहे, हे उगाच नाही. दोघांच्या खालचं पाणी एकच होतं.

सरकारी पातळीवर १९९३ च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ, पाचशे मीटरच्या आत, नव्या विहिरीला मनाई केली. टंचाई जाहीर झाली की जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात आणि पहिला बळी जातो तो जलतरण तलाव. २०१६ च्या दुष्काळात आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने उच्च न्यायालयाच्या आदेशानं महाराष्ट्राबाहेर गेले, तेव्हा पोहण्याचं पाणीही लोकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. आणि २०२० च्या मार्चमध्ये तर सगळेच तलाव एका रात्रीत बंद झाले. केंद्रानं १५ ऑक्टोबर २०२० पासून खेळाडूंच्या सरावाला परवानगी दिली, पण ती ज्यांच्याकडे खेळाडू आणि प्रशिक्षक होते त्यांच्या कामाची. तालुक्याच्या कॉलेजात पंप जाम झालेले, टाइल्स सुटलेल्या, आणि यूजीसीची पंचवार्षिक अनुदानं बाराव्या योजनेबरोबर मार्च २०१७ मध्येच आटोपलेली.

मग नवीन पाणी कुठे आलं? शेततळ्यात. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत आणि त्याआधीच्या फळबागांच्या योजनांतून वावरात शेततळी झाली. तीस बाय तीस मीटरची, तीन मीटर खोल, पुष्कळांना आतून काळं प्लास्टिक. उन्हाळ्यात पोरांना याहून मोठं आमिष नाही. आणि ते विहिरीहून घातक आहे. विहिरीला निदान पायऱ्या नाहीतर पाय टेकवायला दगड होते. ओलं प्लास्टिक शेवाळलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही. हात घसरतात, पाय घसरतात, माणूस दमून जातो. काठाला खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडणं आणि ट्यूब टांगणं एवढ्यानं जीव वाचतो, पण फार थोड्या शेततळ्यांवर तो दोर दिसतो.

म्हणून कॉलेजच्या तलावाकडे मी स्पर्धेची जागा म्हणून पाहणं सोडून दिलं आहे. ७५ फूट असो की ८२, मुलांना तरंगायला आणि काठापर्यंत यायला शिकवण्यासाठी ती पुरेशी आहे. ज्या टाकीला दहा-बारा फूट खोली आहे तिथे खोल टोक भरून घेऊन सगळीकडे चार फूट करता येतं. पाणीही वाचतं, जीवरक्षकाचा घोरही कमी होतो. भारनियमन पूर्वीसारखं राहिलेलं नाही, फिल्टर चालू शकतो. तालुका क्रीडा संकुलं जिथे खरोखर उभी आहेत तिथे त्यांच्याशी मिळून माणूस ठेवता येतो. पावसाचं पाणी हॉलच्या आणि वर्गांच्या छतावरून गोळा केलं तर पहिल्या भरणीचा मोठा भाग निघतो: हजार चौरस मीटर छत आणि आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर आठ लाख लिटर, त्यातलं निम्मं वाया गेलं तरी चार लाख. ते साठवायला वेगळी टाकी बांधायची गरज नाही, कारण पावसाळ्यात तलाव भरलेलाच ठेवायचा आहे.

दुरुस्ती काढायची असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीत काढावी. तोवर जमिनीतलं पाणी उतरलेलं असतं, माती फार आकसलेली नसते आणि एप्रिलच्या बॅचआधी काँक्रीट पिकायला वेळ मिळतो. आधी कोपऱ्यावर एक खड्डा खणून तळाखाली मुरूम आहे की काळी माती ते डोळ्यांनी पाहावं, मगच अंदाजपत्रक करावं. माती निघाली तर चिरा बुजवून, टाइल्स बदलून काही होणार नाही. तो पैसा दोन पावसाळ्यांत जाईल. मुरूम निघाला तर बॅडमिंटनचा हॉल दुसरीकडे बांधावा.